रिव्हर्स येतो का?

या गावातल्या शाळेत रुजू होण्याआधी फोनवर मला तीनच प्रश्न विचारले गेले. थंडी सोसते का? एकटं राहायची सवय आहे का? आणि गाडी घेऊन येणार असाल, तर रिव्हर्स येतो का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी जरा विचार करून दिली. तिसऱ्याला हसले. अकरा वर्षं गाडी चालवत होते हो मी. रुंद रस्त्यांवर, उड्डाणपुलांवर, तळघरातल्या पार्किंगच्या खांबांमधून. ‘येतो की,’ म्हटलं. पलीकडून मुख्याध्यापक नुसतंच ‘बरं’ म्हणाले. त्या ‘बरं’चा अर्थ मला तिसऱ्या दिवशी कळला.

गावाचं नाव लिहीत नाही. इथल्या लोकांना ते आवडणार नाही, आणि मला इथेच राहायचंय. एवढंच सांगते, की गाव साधारण २,४०० मीटर उंचीवर आहे, घरं चाळीसेक, आणि खालच्या मोठ्या गावाला जायला एकच रस्ता: २२ किलोमीटर, ६१ वळणं. पंप खाली, दवाखाना खाली, बँक खाली. रस्ता एका गाडीपुरता. एका अंगाला डोंगर, डोंगराच्या पायाशी पाणी वाहून जायला चर, आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मागे जायचं, रस्ता जिथे जरा फुगलाय तिथपर्यंत. मग दुसरी पुढे निघणार.

तर तिसरा दिवस. मी खाली निघाले होते, चौदाव्या वळणाच्या अलीकडे समोरून बस आली. सकाळची एकुलती एक बस, खच्चून भरलेली. मी थांबले, बस थांबली. मी वाट बघितली. बसही वाट बघत होती. मग मला उलगडलं, की मागे मी जायचंय. चढावर, एक वळण ओलांडून, दीडशे-दोनशे मीटर.

पहिल्या प्रयत्नात गाडी बंद पडली. दुसऱ्यात क्लचचा वास सुटला. तिसऱ्यात मी मान मागे वळवून, मागची काच डोळ्यांत साठवून, डोंगराच्या बाजूने चिकटून न्यायला गेले आणि मागचं चाक चरात गेलं. बसमधली सगळी माणसं एव्हाना खिडक्यांतून बाहेर आली होती आणि प्रत्येकाचं स्वतंत्र मत होतं. ‘तोडा तोडा’, ‘सरळ सरळ’, ‘आता येऊ द्या’, ‘येऊ नका!’ शेवटी ड्रायव्हर काका खाली उतरले, हात पुसत शांतपणे चालत आले आणि म्हणाले, “बाई, जरा पलीकडे सरका.”

त्यांनी आधी दोन्ही बाजूंचे आरसे खाली वळवले. इतके खाली, की आरशात आकाश नाही, मागची गाडी नाही, फक्त माझं मागचं चाक आणि त्याच्या शेजारची रस्त्याची कड. मग एक हात स्टिअरिंगच्या माथ्यावर. “हात जिकडे जाईल, गाडीची मागची बाजू तिकडे जाणार. डोकं चालवायचं नाही, हात चालवायचा.” आणि मग ते वाक्य, जे मी गेली सात वर्षं दर नव्या शिक्षकाला ऐकवते आहे: “मागे जाताना माणूस मागेच बघतो, आणि पुढचं चाक दरीत घालतो.”

हे खरंच नीट समजून घ्यायला हवं, कारण सपाटीवर ते कधी कळत नाही. वळतात ती पुढची चाकं. त्यामुळे मागे जाताना मागची बाजू डोंगराकडे वळवली, की गाडीचं नाक उलट्या बाजूला, म्हणजे दरीकडे, झोकांडी खातं. पार्किंगमध्ये असं झालं की शेजारच्या गाडीला ओरखडा जातो. इथे शेजारी हवा आहे. म्हणून रिव्हर्समध्ये डोंगराला बिलगायचं नाही, उलट जरा मधून चालायचं आणि दर पाच-सहा फुटांवर पुढच्या बाहेरच्या चाकाकडे नजर टाकायची. काकांनी माझी गाडी चरातून काढून ते दोनशे मीटर एका दमात मागे नेली. वळणासकट. मग उतरले, गाडीला एक टपली मारली आणि बसकडे चालत गेले. बस जाताना आतल्या सगळ्यांनी मला हात केला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत गावात सगळ्यांना माहीत होतं, की नव्या बाई चांगल्या आहेत पण रिव्हर्स येत नाही.

पुढचा महिनाभर रोज शाळा सुटली की मी मैदानाच्या कडेच्या उतारावर दोन दगडांच्या रांगांमधून गाडी मागे न्यायचे. पोरं भिंतीवर बसून गुण द्यायची. दहापैकी चारच्या वर कधी गेले नाही.

त्या दिवशी मला वाटलं होतं, की बस मोठी म्हणून मी मागे गेले, म्हणजे दांडगाईच. नंतर वाचलं तर याचा चक्क आंतरराष्ट्रीय करार आहे. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक करारात डोंगरी रस्त्यांसाठी वेगळा परिच्छेद आहे: उताराच्या गाडीने बाजूला व्हायचं आणि चढाच्या गाडीला जाऊ द्यायचं. कुणाला तरी रिव्हर्स घ्यावाच लागणार असेल, तर हलक्या गाडीने जड गाडीसाठी, ट्रकने बससाठी मागे जायचं. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या असतील, तर उतरणारीने. आणि याच्यापुढे मला सगळ्यात आवडलेली पुस्ती: चढणाऱ्या गाडीला मागे जाणं उघडपणे सोपं असेल, म्हणजे जागा तिच्या जवळ असेल, तर मात्र तिने. कुठल्या तरी मोठ्या सभागृहात बसून हे लिहिणाऱ्यांपैकी एक जण तरी नक्की अशा रस्त्यावर अडकलेला असणार.

नियमामागचं कारण सरळ आहे. चढावर भरलेली गाडी एकदा थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो आणि चाकं खडीवर फिरतात. शिवाय तिला मागे जायचं म्हणजे उतारावर उलटं उतरायचं, वजन सगळं मागे ओढतंय. उतरणारी गाडी मागे जाते ती चढावर. पाय सोडला की ती थांबायलाच बघते.

बोलिव्हियातल्या युंगासच्या जुन्या रस्त्याचं उदाहरण तर मी पोरांना फळ्यावर काढून दाखवते. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणजे ड्रायव्हर डावीकडे बसतो. पण या एका रस्त्यावर डावीकडून चालायचं. का? तर उतरणारी गाडी दरीच्या बाजूला येते आणि ड्रायव्हर नेमका कडेच्या चाकावर बसलेला असतो. मान बाहेर काढली की चाक आणि कडा यांच्यात किती बोटं उरलीत ते त्याला दिसतं. चढणारा डोंगराच्या कुशीत, आणि पहिला हक्क त्याचा. स्वित्झर्लंडमध्ये टपालाच्या बस चालतात त्या घाटरस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असतं. ती पाटी दिसली, की बसचा ड्रायव्हर सांगेल तसं इतरांनी व्हायचं. आंधळ्या वळणाआधी त्या बस तीन सुरांचा भोंगा वाजवतात. आमच्या बसचा भोंगा एकसुरी आहे, पण अकराव्या वळणावर वाजला की मी नवव्यावरच थांबते.

कारण सात वर्षांनंतर करारबिरार कुणी बघत नाही. रस्त्यावर गाड्या ओलांडायच्या ३४ जागा आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. मोडक्या झाडाची, झऱ्याची, डबक्याची, खोट्या वळणाची. ‘बाळाची जागा’ ही सव्विसाव्या वळणाजवळची. तिथे एका पावसाळी रात्री जीपमध्ये एक मूल जन्मलं, आणि ते मूल यंदा चौथीत माझ्यासमोर बसतं. पाढे येत नाहीत, पण रस्त्यावरची एक जागा आपल्या नावावर आहे याची घमेंड पुरेपूर. समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघंही मनातल्या मनात हिशेब करतात, माझ्यामागे कोणती जागा, त्याच्यामागे कोणती, आणि ज्याची जवळ तो गाडी थांबायच्या आतच रिव्हर्स टाकतो. जाणाऱ्याने हात करायचा. म्हणजे स्टिअरिंग न सोडता चार बोटं वर. एवढंच. पण जो करत नाही, त्याच्याबद्दल वर्षभर बोललं जातं.

मागे जाणं शिकले, पण उतरणं शिकायला आणखी एक धडा लागला.

दुसऱ्या महिन्यात मी एकटी खाली निघाले होते. तिसऱ्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, सावकाश. मला वाटत होतं, की मी फार सांभाळून चालवते आहे. चाळिसाव्या वळणाच्या आसपास वास आला, जळकट, तिखट. पन्नासाव्याला ब्रेकचं पेडल मऊ लागलं. मऊ म्हणजे ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं, दाबावं तेवढं खाली. हँडब्रेक ओढत, गियर खाली पाडत, गाडी डोंगराच्या अंगाला घासत कशीबशी थांबवली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. मी बाटलीतलं पाणी ओतायला गेले, तेवढ्यात खालून येणाऱ्या ट्रकमधला पोरगा ओरडला, “बाई, पाणी नको! तापलेली डिस्क तडकेल.” मग दोघं तासभर दगडावर बसलो. तो मला गियर समजावत होता. वय असेल एकोणीस.

घरी येऊन मी हिशेब केला, मास्तरकी अंगात मुरलेली. दीड टनाची गाडी १,००० मीटर खाली आणायची, म्हणजे जवळजवळ १५० लाख जूल इतकी ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या उष्णतेत चाळीसेक लिटर गार पाणी उकळीला येईल. थोडी हवेच्या आणि चाकांच्या घर्षणात जाते, पण बाकी सगळी मी चार चाकांतल्या त्या तळहाताएवढ्या पॅडांवर सोपवली होती. आणि ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ जातीचं ताजं तेल २३० अंशांपर्यंत उकळायला नको, पण ओल धरलेल्या तेलाला मानकातच १५५ ची सूट आहे. तेल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, बुडबुडा दबतो. माझ्या पायाखालचा स्पंज म्हणजे ते बुडबुडे. माझ्या गाडीतलं तेल चार वर्षं बदललेलं नव्हतं.

आता ज्या गियरमध्ये चढते त्याच किंवा त्याच्याही खालच्या गियरमध्ये उतरते. इंजिनाला ओरडू देते. ब्रेक वळणाआधी, एकदाच, ठामपणे, आणि लगेच पाय वर. इथे नवीन येणारे पाहुणे इंधन वाचवायला न्यूट्रल मारून उतरतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. वाचतही नाही हो ते. हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गियरमध्ये उतरत असेल आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसेल, तर इंधन बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला ते लागतं. एक महाभाग तर इंजिन बंद करून उतरायचा. दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरमधली ताकद संपते आणि पेडल विटेसारखं कडक होतं, हे त्याला एका उकिरड्याच्या ढिगाने शिकवलं. ढीग होता म्हणून बरं.

चढाचं दुःख निराळं. आमच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश. इंजिनालाही श्वास लागतो, टर्बो नसेल तर चौथाई ताकद गेलीच म्हणून समजा. पहिल्या वर्षी मी मेकॅनिकला सांगत होते, की गाडीत काहीतरी बिघाड आहे. त्याने मला जिना चढायला लावला आणि वर पोचल्यावर विचारलं, “तुमच्यात काय बिघाड आहे?”

आता राहण्याबद्दल. लोक विचारतात, तिथे करमतं का, एकटं वाटत नाही का. एकटं वाटायला एकटं असावं लागतं. इथे ज्याच्याकडे गाडी आहे त्याला एकांत नाही.

“खाली जाताय का?” हा इथला नमस्कार. हो म्हणायचा अवकाश, की गाडी भरते. माणसं तर आहेतच. दुरुस्तीला द्यायचा पंप, आजीचा चष्मा, तहसिलीत द्यायचा कागद, कुणाच्या तरी मुलीसाठी स्वेटर, एक्स-रेचं पाकीट, रिकामे सिलिंडर. वर येताना सिलिंडर भरलेले, चष्मा दुरुस्त, आणि औषधांच्या पिशव्यांवर नावांच्या चिठ्ठ्या. एकदा मी एक अख्खं कपाट आणलं, पलंगाएवढं, टपावर बांधून. वळणावर गाडी अशी झुकायची की मागे बसलेले दोघं आपोआप उलट्या बाजूला सरकायचे.

मला याचा राग आलेला आहे. खोटं कशाला बोलू? वडील गेले त्या वर्षी एका रविवारी मला फक्त गाडीत बसून रडायचं होतं. घरात रडलं की शेजारी येतात. म्हटलं, खाली जाते, झऱ्याच्या जागेवर गाडी लावते आणि मनसोक्त रडते. पहिल्याच वळणावर चौघं उभे. बसले. मागे कोंबड्यांची एक करंडी पण होती. मी रडले नाही. बावीस किलोमीटर एक म्हातारे गृहस्थ मला सांगत होते, रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला खुर्चीत बांधून पाठीवर कसं न्यायचे, आणि खुर्चीत बसलेल्याला कायम मागे सरलेला रस्ताच कसा दिसायचा. त्या खुर्चीत ते स्वतः बसले होते, बाराव्या वर्षी.

इथे अंतर किलोमीटरमध्ये कुणी सांगत नाही. खाली जायला दीड तास, धुक्यात अडीच, बर्फात ‘बघू’. फोनमधला नकाशा ४१ मिनिटं म्हणतो. त्या ४१ मिनिटांवर विश्वास ठेवून पाहुणे संध्याकाळी पाचला खालून निघतात, आणि मग आम्ही गच्चीवर उभे राहून दिवे बघतो. गाव कड्याच्या टोकाला असल्यामुळे रात्री रस्त्याच्या शेवटच्या दोन डझन वळणांवरून येणारा प्रत्येक दिवा दिसतो. कुणाची गाडी ते दिव्यांवरून कळतं: एक डोळा मिचकावणारी दूधवाल्याची, पिवळट दिव्यांची जुनी जीप. वळणामागे गेलेला दिवा ठरावीक वेळात पुन्हा दिसायला हवा. नाही दिसला, तर कुणीतरी मुकाट्याने जोडे घालतं. मी आले त्या पहिल्या हिवाळ्यात माझी गाडी पंक्चर होऊन धुक्यात थांबली होती. मला वाटलं, जगात कुणाला माहीत नाही मी कुठे आहे. वीस मिनिटांत वरून दोन टॉर्च उतरत आले.

रात्रीच्या फेऱ्या मी मोजत नाही. एक मात्र सांगते. पहाटे तीनला छातीत दुखणाऱ्या एका आजोबांना घेऊन निघाले होते. पुढे एक मुलगा टॉर्च घेऊन चालत नव्हता, पळत होता, कारण धुक्यात बोनेटही दिसत नव्हतं. मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून छोट्या दिव्यांवर, काच खाली करून, कान बाहेर ठेवून. बाहेरच्या चाकाखाली खडी करकरली की आत घ्यायचं, मातीचा मऊ आवाज आला की जास्तच आत. आजोबा मागून मधूनमधून सांगत होते, “आता तेवीस. आता चोविसावं, हे जरा लांब आहे.” डोळे मिटलेले. मी त्यांच्या सांगण्यावर वळत होते. पोचलो. ते अजून आहेत, आणि माझ्या गियर बदलण्यावर टीका करतात.

पाऊस आणि बर्फ यांबद्दल लिहायला बसले तर पोस्ट संपणार नाही. पावसात दरड कोसळते ती बऱ्याचदा पाऊस थांबल्यावर. मातीत मुरलेलं पाणी आतून दाब देत राहतं, कणांमधली पकड सुटते, आणि लख्ख ऊन पडलेल्या दुपारी डोंगर खाली बसतो. हिवाळ्यात उलटं घड्याळ: भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना नऊ टक्के फुगतं, दगड सुटा करतं, आणि सकाळी ऊन लागून बर्फ वितळला की तो दगड रस्त्यावर येतो. म्हणून उन्हाचा पहिला तासभर आम्ही एकोणिसाव्या वळणाखाली थांबत नाही, फोन घ्यायलासुद्धा नाही. पूल रस्त्याआधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो. सावलीतलं वळण दुपारी बारालाही काचेसारखं असतं. हवा साडेपाच-सहा अंशांनी गार झाली की टायरमधली हवा एक पीएसआय उतरते. आणि थंडीत हँडब्रेक ओढून गाडी लावायची नाही. ओली केबल गोठते आणि सकाळी सुटत नाही. गियरमध्ये टाकायची, पुढची चाकं डोंगराकडे वळवायची आणि मागे दगड. माझा दगड ठरलेला आहे, एका बाजूने चपटा, सीटखाली असतो. पहिल्या वर्षी तो नव्हता म्हणून माझी गाडी शाळेच्या फाटकाला भेटून आली.

गेल्या वर्षी रस्ता एकोणीस दिवस बंद होता. बर्फ नव्हे, दरड. यंत्र खालून येणार होतं, पण खालीही आणखी दोन ठिकाणी पडली होती. चौथ्या दिवशी गावाने फावडी काढली. मी पोरांना चीनमधल्या गुओलियांगची गोष्ट सांगितली होती: ताइहांगच्या कड्यावरच्या त्या गावातल्या माणसांनी १९७२ ते १९७७ मध्ये स्वतःच्या हातांनी १,२०० मीटरचा बोगदा खोदला, आणि मलबा फेकायला कड्याच्या बाजूने खिडक्या पाडल्या. त्या खिडक्यांतून आज गाड्यांना उजेड येतो. गोष्टीचा परिणाम असा झाला, की पाचवीतली दोन पोरं छिन्नी घेऊन हजर. त्यांना दगड मोजायच्या कामावर बसवलं. आम्ही एक गाडी जाईल एवढी वाट केली, आणि मग कळलं, की गावात एकाही गाडीत खाली जाऊन यायला पुरेल इतकं इंधन नाही. चार गाड्यांतलं काढून एकीत ओतलं. माझीच. रिव्हर्स येतो म्हणून, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते आकाशाकडे बघत होते.

मे महिन्यात सुट्टीला बहिणीकडे शहरात गेले होते. भाच्याला घेऊन बाजारातून परत येताना तिच्या सोसायटीच्या गल्लीत समोरून गाडी आली. दोन्हीकडे स्कूटर लावलेल्या, गल्ली एका गाडीपुरती. रुंद जागा माझ्या मागे होती, चाळीसेक मीटरवर. मी विचार न करता रिव्हर्स टाकला आणि एका दमात मागे घेऊन कडेला लावली. समोरचा माणूस फोनवर बोलत, काच वर, शेजारून निघून गेला. माझ्यामागे आणखी एक जण होता तो हॉर्नवर झोपलेला.

भाच्याने विचारलं, “मावशी, आधी तर आपण आलो होतो. आपण का मागे आलो?”

“जागा आपल्या मागे होती म्हणून.”

त्याने जरा विचार केला. मागच्या वर्षी तो माझ्याकडे महिनाभर राहून गेलाय. “पण त्याने हात कुठे केला?”

मीही आरशात तेच बघत होते. गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत बघितलं. नाही केला.